राणीच्या नावाने : एका राज्यघटनेचे वाचन

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत १२८ कलमे आहेत. ती सगळी वाचून काढली तरी ‘पंतप्रधान’ हा शब्द कुठे सापडत नाही. ‘मंत्रिमंडळ’ हाही नाही. सापडते ती राणी. ६१वे कलम सांगते की देशाची कार्यकारी सत्ता राणीच्या ठायी आहे आणि तिचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर-जनरल ती वापरतो. ६४व्या कलमानुसार मंत्री तोच नेमतो, आणि त्याची मर्जी असेपर्यंतच ते पदावर राहतात. ६८व्या कलमानुसार सेनादलांचा प्रमुखही तोच. ५९व्या कलमात तर गव्हर्नर-जनरलने संमती दिलेला कायदासुद्धा वर्षभराच्या आत रद्द करण्याचा अधिकार राणीला दिलेला आहे. या देशाविषयी काहीच ठाऊक नसलेल्या वाचकाच्या हाती ही संहिता दिली, तर हा लंडनहून चालवला जाणारा एखादा सुभा असावा, अशीच त्याची समजूत होईल.

प्रत्यक्षात १ जानेवारी १९०१ रोजी ही घटना अमलात आल्यापासून ५९वे कलम एकदाही वापरले गेलेले नाही. मंत्री कोण व्हायचे ते पंतप्रधान ठरवतो. पंतप्रधान कोण व्हायचे ते प्रतिनिधिगृहातले बहुमत ठरवते. गव्हर्नर-जनरल सही करतो. स्वतः गव्हर्नर-जनरल कोण असावा, हेही राजाला वा राणीला पंतप्रधानच सुचवतो. म्हणजे संहितेत जे लिहिले आहे ते घडत नाही, आणि जे घडते ते संहितेत लिहिलेले नाही. तरीही राज्यकारभार सुरळीत चालतो, कारण ही वाक्ये कशी वाचायची याबद्दल सर्व संबंधितांमध्ये एक न लिहिलेली समजूत आहे. इंग्रजी घटनाशास्त्र तिला संकेत म्हणते.

मी कायद्याचा अभ्यासक नाही, साहित्याचा वाचक आहे. ही संहिता वाचताना मला आपल्या काव्यशास्त्रातला लक्षणेचा पाठ आठवतो. गंगेवर गवळीवाडा आहे असे कोणी म्हटले तर वाडा पाण्यावर तरंगतो असे आपण समजत नाही. तो काठावर आहे असे समजतो. मुख्य अर्थाला बाध येतो, म्हणून आपण त्याच्या शेजारचा अर्थ घेतो. घटनात्मक राजेशाहीची राज्यघटना ही अशा वाक्यांची मालिका आहे. ‘राणी’ म्हणजे राणी नव्हे, लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ. ‘मर्जी’ म्हणजे मर्जी नव्हे, प्रतिनिधिगृहातले बहुमत. काव्यशास्त्राच्या वर्गात कोणी हट्टाने वाच्यार्थ धरून बसला तर फार तर हशा होतो. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाने तो धरला तर काय होते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ या दिवशी मिळाले. त्या दिवसाआधीची आणि नंतरची पत्रे आता वाचायला मिळतात. त्यांच्या आधारे संघराज्यात्मक राजेशाहीचा कारभार कसा चालतो आणि कुठे अडतो, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

*

या घटनेच्या पोटात दोन वेगळ्या घराण्यांची तत्त्वे एकत्र नांदतात. पहिले तत्त्व इंग्लंडचे, जबाबदार सरकारचे : ज्या पक्षाला कनिष्ठ सभागृहाचा विश्वास आहे त्याने राज्य करावे आणि विश्वास गेला की पायउतार व्हावे. दुसरे तत्त्व अमेरिकेचे, संघराज्याचे : घटक राज्ये लहान असोत वा मोठी, वरिष्ठ सभागृहात त्यांना समान जागा असाव्यात आणि त्या सभागृहाच्या हाती खरी ताकद असावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सहा वसाहतींचे प्रतिनिधी घटना लिहायला बसले, तेव्हा टास्मानियासारख्या लहान वसाहतींना सिडनी आणि मेलबर्नच्या बहुमताची धास्ती होती. त्यांची समजूत घालण्यासाठी सिनेट बलवान करण्यात आली. ५३व्या कलमाने खर्चाच्या आणि कराच्या विधेयकांत दुरुस्ती करण्याची तिला बंदी केली. ती विधेयके अडवण्याची किंवा फेटाळण्याची मात्र केली नाही.

ही तडजोड पुढे महागात पडेल हे त्या काळीही दिसत होते. १८९१ सालच्या सिडनीच्या परिषदेत विन्थ्रॉप हॅकेट यांनी बजावले होते की या दोहोंपैकी एक दुसऱ्याचा जीव घेईल : एक तर जबाबदार सरकार संघराज्याला मारील, नाहीतर संघराज्य जबाबदार सरकारला.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न १९११ साली मिटला. अर्थविधेयके रोखण्याचा अधिकार लॉर्डांच्या सभागृहाकडून संसदेने साध्या कायद्याने काढून घेतला. इंग्लंड एकसंध राज्य असल्याने ते जमले. संघराज्यात वरिष्ठ सभागृह हे सरदारांचे नसते, राज्यांचे असते. त्याचे पंख कापायचे तर राज्यांचाच कौल घ्यावा लागतो. १२८व्या कलमानुसार घटनादुरुस्तीला देशभरातल्या मतदारांचे बहुमत लागते, शिवाय बहुसंख्य राज्यांमध्येही बहुमत लागते. आजवर ४५ प्रस्ताव मतदारांपुढे गेले आणि त्यांतले फक्त ८ संमत झाले.

तेव्हा सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्यातला पेच हा या घटनेत कायमचा वस्तीला आहे. दोन तत्त्वे एकमेकांना भिडली तर मध्ये कोण उभा? संहितेच्या शब्दांप्रमाणे, राणीचा प्रतिनिधी. एकसंध राज्यातल्या राजापेक्षा संघराज्यातल्या राजमुकुटाचे ओझे यामुळे वेगळे ठरते. इंग्लंडच्या राजाला सहसा एका सभागृहाकडे पाहावे लागते. ऑस्ट्रेलियातला त्याचा प्रतिनिधी दोन सभागृहांच्या शिवणीवर बसलेला असतो.

राजमुकुटही तिथे एकच नाही. सहाही राज्यांना आपापले गव्हर्नर आहेत. त्यांची नेमणूक कॅनबेराचे सरकार करीत नाही. राज्याच्या मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यावरून थेट सम्राज्ञी वा सम्राट करतात. ही पद्धत आली १९८६च्या कायद्यांनी. त्याआधी राज्यांच्या गव्हर्नरांची कागदपत्रे ब्रिटिश मंत्र्यांच्या हातून राणीकडे जात. १९७३ साली संसदेने कायदा करून एलिझाबेथला ‘ऑस्ट्रेलियाची राणी’ केले, तरी राज्यांच्या बाबतीत तिला सल्ला देणारे लंडनमध्येच राहिले. कॅनबेरात ऑस्ट्रेलियन आणि ब्रिस्बेनमध्ये ब्रिटिश, अशी ती एकाच वेळी दोन्ही होती. हा तपशील वाटतो तितका पुस्तकी नाही. पेचाचा पहिला धागा ब्रिस्बेनमध्येच सुटला.

*

डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांचा मजूर पक्ष तेवीस वर्षांनंतर सत्तेवर आला. प्रतिनिधिगृहात त्यांना बहुमत होते, सिनेटमध्ये नव्हते. १९७४ साली दोन्ही सभागृहे विसर्जित करून त्यांनी पुन्हा कौल घेतला. ते पुन्हा निवडून आले, सिनेट पुन्हा निसटली. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिटलम यांच्याच शिफारशीवरून सर जॉन कर गव्हर्नर-जनरल झाले. ते न्यू साउथ वेल्सचे माजी सरन्यायाधीश होते.

सिनेटमधली जागा मुदतीआधी रिकामी झाली तर १५व्या कलमानुसार ती त्या राज्याचे विधिमंडळ भरीत असे. कोणाला निवडायचे याबद्दल कलमाने बंधन घातलेले नव्हते. १९४९ पासूनचा संकेत असा, की गेलेला सदस्य ज्या पक्षाचा, त्याच पक्षाचा माणूस त्याच्या जागी पाठवायचा. फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारने हा संकेत मोडला आणि मजूर पक्षाच्या जागी क्लीव्हर बंटन या अपक्षाला पाठवले. जूनच्या अखेरीस क्वीन्सलंडचे मजूर सदस्य बर्टी मिलिनर वारले. तिथले मुख्यमंत्री योह बेल्के-पीटरसन यांनी मजूर पक्षाने सुचवलेले नाव नाकारले आणि अल्बर्ट फील्ड यांना निवडून आणले. फील्ड मजूर पक्षाचेच सभासद. पण व्हिटलम यांचे कट्टर विरोधक. न्यायालयात आव्हान मिळाल्यामुळे फील्ड यांना रजेवर राहावे लागले. साठ जणांच्या सिनेटमध्ये विरोधकांच्या हाती एका मताची आघाडी आली. मिलिनर यांच्या जागी पक्षाचा माणूस आला असता तर मते समसमान झाली असती, आणि सिनेटमध्ये समसमान मते पडली तर ठराव फेटाळला गेला असे धरतात.

या प्रकरणावरच्या लिखाणात फील्ड प्रकरण बहुधा उपकथानकासारखे येते. मला ते मूळ कथानक वाटते. वाच्यार्थावर बोट ठेवणारा पहिला वाचक गव्हर्नर-जनरल नव्हता. एका घटक राज्याचा मुख्यमंत्री होता. कलमात जे लिहिले आहे तेवढेच आम्ही करतो आहोत, असा त्याचा पवित्रा होता. आणि तो खोटा नव्हता. संकेत मोडणाऱ्याला या व्यवस्थेत नेहमी संहितेचा आधार मिळतो. तिची हीच मोठी दुर्बलता आहे.

१५ ऑक्टोबरला विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांनी जाहीर केले की सरकार निवडणूक घेत नाही तोवर सिनेट खर्चाची विधेयके अडवून धरील. परदेशी कर्जाच्या वादग्रस्त खटपटीमुळे मंत्री रेक्स कॉनर यांना आदल्याच दिवशी राजीनामा द्यावा लागला होता; त्या खटपटीचे निमित्त फ्रेझर यांना मिळाले. दुसऱ्या दिवशी सिनेटने तसा ठराव केला. त्याच संध्याकाळी मलेशियाचे पंतप्रधान तुन अब्दुल रझाक यांच्यासाठी यारालुमला येथील गव्हर्नर-जनरलच्या निवासस्थानी मेजवानी होती. व्हिटलम तिथे हसत म्हणाले की मी आधी राणीकडे पोचतो की सर जॉन आधी मला गाठतात, एवढाच प्रश्न आहे. पाहुणा स्वतः दुसऱ्या एका संघराज्यात्मक राजेशाहीचा पंतप्रधान होता. यजमानाने मात्र हा विनोद विनोद म्हणून ऐकला नाही.

११ नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास व्हिटलम अर्ध्या सिनेटच्या निवडणुकीचा सल्ला घेऊन यारालुमलाला गेले. कर यांनी त्यांच्या हाती ६४व्या कलमाचा हवाला देणारे बडतर्फीचे पत्र ठेवले. फ्रेझर शेजारच्या खोलीत थांबले होते. त्यांना काळजीवाहू पंतप्रधानपदाची शपथ दिली गेली. अट अशी की त्यांनी खर्च मंजूर करून घ्यावा आणि लगेच निवडणुकीचा सल्ला द्यावा. आपले सरकार गेले हे ठाऊक नसलेल्या मजूर सदस्यांच्या मदतीने सिनेटने ती विधेयके संमत केली. तीननंतर प्रतिनिधिगृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. तो ठराव घेऊन सभापती गॉर्डन स्कोल्स निघाले, पण गव्हर्नर-जनरलने त्यांना पावणेपाचची वेळ दिली. पावणेपाचला संसदेच्या पायऱ्यांवर विसर्जनाची घोषणा वाचली जात होती. त्या विसर्जनासाठी ५७व्या कलमाखाली जी २१ विधेयके दाखवली गेली, ती व्हिटलम यांची होती आणि फ्रेझर यांच्याच पक्षांनी सिनेटमध्ये अडवलेली होती.

दुपारी तीननंतरचा तो दीड तास मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रतिनिधिगृहाचा विश्वास नसलेला पंतप्रधान पदावर होता, आणि विश्वास असलेल्या नेत्याचा निरोप दाराबाहेर ताटकळत होता. व्हिटलम यांच्या बडतर्फीचे समर्थन करता येते. पुष्कळांनी ते केले आहे. पैसा मिळवू न शकणाऱ्या पंतप्रधानाने लोकांसमोर जावे, हा युक्तिवाद निराधार नाही. त्या दीड तासाचे समर्थन मात्र मला कुठे पटण्यासारखे आढळले नाही. जबाबदार सरकारचे तत्त्व तेवढ्या वेळापुरते देशात लागू नव्हते. हॅकेट यांचे भाकीत त्या दुपारी खरे ठरले.

१३ डिसेंबरच्या निवडणुकीत मतदारांनी फ्रेझर यांच्या आघाडीला १२७ पैकी ९१ जागा दिल्या. या निकालाने वाद मिटला असे कोणी म्हणतात. मला तसे वाटत नाही. मतदारांनी सरकार निवडले. गव्हर्नर-जनरलने घटना नीट वाचली की नाही, हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता.

*

पुढच्या काही वर्षांत त्या दिवसाचे वाङ्मयच तयार झाले. कर यांनी १९७८ साली ‘मॅटर्स फॉर जजमेंट’ लिहिले. १९७९ साली व्हिटलम यांनी ‘द ट्रुथ ऑफ द मॅटर’ने उत्तर दिले. कर यांनी आदल्या दिवशी ज्यांचा सल्ला घेतला होता ते सरन्यायाधीश गार्फील्ड बारविक यांनी १९८३ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच सर जॉन यांनी कर्तव्य केले असा निवाडा देऊन टाकला. या पुस्तकांत प्रत्येकजण वकीलपत्र घेऊन बसलेला आहे. खरा ऐवज दुसरीकडे होता : कर आणि राणीचे खासगी सचिव मार्टिन चार्टरिस यांच्यातला पत्रव्यवहार. तो राष्ट्रीय अभिलेखागारात होता. पण ‘व्यक्तिगत’ असा शिक्का मारून बंद ठेवलेला होता. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी २०१६ साली दावा लावला. खालची दोन्ही न्यायालये त्यांच्या विरुद्ध गेली. २९ मे २०२० रोजी उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने ठरवले की ही सरकारी दप्तराची कागदपत्रे आहेत. १४ जुलैला दोनशेहून अधिक पत्रे खुली झाली.

पत्रे खुली होताच त्यांची दोन वाचने झाली. हॉकिंग यांना त्यांत राजवाड्याचा हात दिसला. पॉल केली आणि ट्रॉय ब्रॅमस्टन या पत्रकार-लेखकांना राजवाड्याची निर्दोषता दिसली. ११ नोव्हेंबरच्या पत्रात कर स्वतः लिहितात की राणीला आधी कळवायचे नाही असे मी ठरवले, कारण तिला आधी ठाऊक नसणेच बरे. या एका वाक्यावर दोन्ही पक्ष आपापला किल्ला लढवतात. कट होता की नव्हता, एवढेच त्यांना ठरवायचे आहे.

पत्र म्हणून ही पत्रे वाचली तर वेगळीच गोष्ट जाणवते. कर यांची पत्रे लांबलचक आहेत. सोबत वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. एक बाजू, दुसरी बाजू, मग पहिलीला उत्तर, अशी न्यायमूर्तीची सवय पानोपानी दिसते. आणि त्याखाली एक व्याकूळ माणूस आहे. आपले म्हणणे कोणीतरी वरच्याने समजून घ्यावे, ही त्याची धडपड लपत नाही. चार्टरिस यांची उत्तरे आखूड, आर्जवी, सुरेख घडवलेली. ते कुठेही हुकूम करीत नाहीत. राखीव अधिकार अस्तित्वात आहेत असे ते सांगतात, आणि लगेच जोडतात की दुसरा मार्गच उरला नाही असे स्पष्ट दिसेल तेव्हाच ते वापरावेत. कॅनडाचे घटनापंडित यूजीन फॉर्सी यांचे मत ते कर यांच्या कानावर घालतात. पंतप्रधानाने तुम्हाला काढण्याची विनंती केली तर राणीला ते मुळीच रुचणार नाही, पण शेवटी तिला पंतप्रधानाचा सल्ला मानावाच लागेल, असेही कळवतात. प्रत्येक वाक्यात एक पाऊल पुढे आणि एक मागे असते. ही भाषा कोणाला काही करायला सांगत नाही. मात्र करणाऱ्याला तिच्यातून धीर मिळतो.

माझा मुख्य आक्षेप पत्रांत जे आहे त्यापेक्षा ती कोणाला लिहिली आहेत, यावर आहे. वॉल्टर बॅजट यांनी १८६७ साली घटनात्मक राजाचे तीन हक्क सांगितले : सल्लामसलतीत सामील होणे, उत्तेजन देणे आणि इशारा देणे. हे तिन्ही हक्क मंत्र्याच्या संदर्भात आहेत. राजाने इशारा द्यायचा तो आपल्या पंतप्रधानाला. कर यांच्या मनात जे घोळत होते, ज्या शक्यता ते तपासत होते, ज्या भीतीने ते ग्रासले होते, ते सारे त्यांनी विस्ताराने लिहून काढले, आणि हजारो मैलांवरच्या सचिवाला पाठवले. ज्याला ते सांगायला हवे होते तो माणूस कॅनबेरातच होता आणि त्यांना वारंवार भेटत होता. त्याच्यापासून त्यांनी ते लपवले. सांगितले तर हा मला आधी काढील, ही त्यांची भीती होती, आणि ती निराधार नसेलही. परंतु पद जाण्याच्या भीतीने इशारा न देणारा राजप्रतिनिधी त्या पदाचा एकमेव उपयोग गमावून बसतो. इशारा मिळाला असता तर कदाचित व्हिटलम यांनी स्वतःच निवडणुकीचा सल्ला दिला असता. पत्रांची शोकांतिका अशी, की ती चुकीच्या वाचकाला लिहिलेली आहेत.

व्हिटलम यांनाही या वाचनदोषातून मोकळे करता येत नाही. गव्हर्नर-जनरलने पंतप्रधानाचा सल्ला मानलाच पाहिजे, यावर त्यांचा इतका भरवसा होता की ६४व्या कलमातले शब्द त्यांनी पुसले गेल्यासारखे धरले. मुख्यार्थ बाजूला सारला तरी तो नष्ट होत नाही. शब्दाच्या तळाशी दबून राहतो. कर यांना फक्त शब्द दिसले, व्हिटलम यांना फक्त संकेत. दोघेही मोठे कायदेपंडित होते, हे विशेष.

विसर्जनाच्या घोषणेच्या शेवटी रिवाजाप्रमाणे राणीच्या रक्षणाची प्रार्थना होती. मागे उभे असलेले व्हिटलम पुढे झाले आणि त्यांनी त्या प्रार्थनेवरच कोटी केली : राणीला देव तारो म्हणायला हरकत नाही, कारण गव्हर्नर-जनरलला आता काहीच तारणार नाही. राजवाड्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात आले. सभापती स्कोल्स यांनी राणीला साकडे घातले होते. चार्टरिस यांनी १७ नोव्हेंबरला कळवले की घटनेने हे अधिकार गव्हर्नर-जनरलकडे दिले आहेत, राणीला त्यांत पडता येणार नाही. सारे तिच्या नावाने झाले. तिने काहीच केले नव्हते. संहितेत सर्वत्र असलेली राणी गरज पडली त्या दिवशी कुठेच नव्हती.

*

हा पेच एकट्या ऑस्ट्रेलियाचा नाही. संघराज्य आणि राजमुकुट एकत्र आणणाऱ्या प्रत्येक देशाला हे ठरवावे लागते की घटक राज्यात राजा कोणत्या रूपात असेल. कॅनडात प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर केंद्राच्या सल्ल्याने नेमले जातात. ऑस्ट्रेलियात राज्यांचे गव्हर्नर केंद्राला बांधील नसतात. मलेशियात नऊ राज्यांना स्वतःचे वंशपरंपरागत सुलतान वा राजे आहेत, आणि ते आपल्यातून पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. तिथेही २००९ साली पेराक राज्यात विधानसभा विसर्जित करण्याची मुख्यमंत्र्यांची विनंती सुलतान अझलन शाह यांनी नाकारली, आणि वाद न्यायालयात गेला. हे सुलतान एकेकाळी देशाचे सर्वोच्च न्यायाधीश होते. राजप्रतिनिधी कायदेपंडित असला म्हणजे प्रश्न सोपा होतो, असे ही उदाहरणे तरी सांगत नाहीत.

ऑस्ट्रेलियात ६४व्या कलमाने पुन्हा एकदा मान वर केली ती २०२२ साली. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी २०२० आणि २०२१ मध्ये आरोग्य, अर्थ यांसारखी पाच जादा खाती गुपचूप स्वतःकडे घेतली होती, आणि गव्हर्नर-जनरल डेव्हिड हर्ली यांनी त्यांच्या सल्ल्यानुसार सह्या केल्या होत्या. बहुतेक खात्यांच्या मंत्र्यांनाही याचा पत्ता नव्हता. सरकारच्या महान्यायाभिकर्त्यांनी मत दिले की नेमणुका बेकायदा नव्हत्या, पण जबाबदार सरकारच्या तत्त्वाशी विसंगत होत्या. १९७५ साली प्रतिनिधीने सल्ला मानला नाही, २०२० साली निमूटपणे मानला. दोन्ही वेळा कलमाचा शब्द पाळला गेला आणि त्याचा अर्थ पायदळी गेला.

*

मराठी वाचकाने या दूरच्या प्रकरणात मन का घालावे? ज्या इंग्रजी बोलीत ऑस्ट्रेलियाची घटना लिहिली गेली, त्याच बोलीत आपल्या घटनेतील राष्ट्रपती आणि राज्यपाल यांची प्रकरणे लिहिली आहेत. आपण राजा ठेवला नाही, राजाचे व्याकरण ठेवले. ५३व्या अनुच्छेदात संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायी आहे. १६४व्यात राज्याचे मंत्री राज्यपालाच्या मर्जीने पदावर आहेत. राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात घटना समितीला सांगितले होते. राज्यपाल निवडून यावा की नेमलेला असावा, यावर घटना समितीने बराच खल केला आणि शेवटी केंद्राने नेमलेला राज्यपाल स्वीकारला.

म्हणूनच १९७५ हे साल मला दुहेरी वाटते. कर यांनी व्हिटलम यांना काढले त्याच्या साडेचार महिने आधी, २५ जूनच्या रात्री, दिल्लीत फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. स्नानाच्या टबातून सही करणारे राष्ट्रपती अबू अब्राहम यांनी त्याच डिसेंबरात काढले. एका देशातल्या राष्ट्रप्रमुखाने आपल्या पंतप्रधानाला न विचारता सही केली, दुसऱ्याने पंतप्रधानाला एकही प्रश्न न विचारता केली. दोघांनीही इशारा देण्याचा हक्क वापरला नाही.

आपल्याकडे हा वाद न्यायालयात नेता येतो, हा फरक मोठा आहे. जून २०२२ मधल्या महाराष्ट्रातील बहुमत चाचणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले, की ती घ्यायला सांगण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्याने गेलेले सरकार परत आणता येत नव्हते. म्हणजे आपल्याकडे चूक नोंदवली जाते. घडलेले बदलतेच असे नाही.

यावर उपाय म्हणून संकेत लिहून काढावेत का? ऑस्ट्रेलियाने एक लिहिला. १९७७च्या सार्वमताने १५वे कलम बदलले, आणि गेलेल्या सदस्याच्या पक्षाचाच माणूस पाठवणे बंधनकारक झाले. मॉरिसन प्रकरणानंतर मंत्र्यांच्या नेमणुका जाहीर करण्याचा कायदा झाला. आपणही मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असल्याचे ४२व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले. पण ते १९७६ साली, ऐन आणीबाणीत, जेव्हा राष्ट्रपती सल्ला मानतील की नाही ही कोणाची चिंता नव्हती. लिहिलेला नियम मागच्या वेळी जे मोडले तेवढेच सांधतो. तरीही लिहावे, असे माझे मत आहे. निदान पुढच्या माणसाला अज्ञानाचे निमित्त मिळत नाही.

६ नोव्हेंबर १९९९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी प्रजासत्ताकाचा प्रस्ताव नाकारला. सहापैकी एकाही राज्यात तो संमत झाला नाही. सिनेट आजही खर्चाची विधेयके अडवू शकते. ६४वे कलम जसेच्या तसे आहे. राणी गेली, राजा आला. ११ नोव्हेंबर १९७५ला जी कलमे वापरली गेली, त्यांतला एकही शब्द बदललेला नाही.